करार तीन वर्षांचा, हातात वेळ दीड वर्षाचा

पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये मुदतीच्या करारावर संशोधक म्हणून, काम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती, म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठी. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : रुजू होऊन महिना झाला. करार तीन वर्षांचा आहे. पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, म्हणतात, पहिले सहा महिने निवांत वाच, लॅब समजून घे, मग विषय ठरवू. असं केलं तर चालेल का?
— पेशीजीवशास्त्रातील एक संशोधिका

उत्तर : वाचन हवंच, पण सहा महिने नुसत्या वाचनात गेले तर ते पुढे भरून निघत नाहीत. का, ते कळायला एक कागद घ्या आणि छत्तिसाव्या महिन्यापासून मागे मोजत या.

स्वतंत्र पदाची, म्हणजे स्वतःची लॅब चालवायच्या नोकरीची, जाहिरात निघाल्यापासून प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत साधारण नऊ ते बारा महिने जातात. म्हणजे अर्ज करायचे चोविसाव्या ते सत्ताविसाव्या महिन्यात. त्या वेळी मुख्य पेपर निदान प्रीप्रिंट (समीक्षेआधीच इंटरनेटवर खुला ठेवलेला मसुदा) म्हणून तरी सर्वांसमोर असायला हवा, कारण ‘लिहिणे चालू आहे’ या ओळीला निवड समितीत कोणी गुण देत नाही. आकृत्या पक्क्या करणं, मसुदा लिहिणं, सहलेखकांचे शेरे गोळा करणं याला तीन महिने धरा. तेव्हा प्रयोग विसाव्या महिन्यापर्यंत संपायला हवेत. सुरुवातीचे दोन-तीन महिने प्रशिक्षण, परवानग्या आणि सामान येण्यात जातात. उरले सतरा-अठरा महिने. तीन वर्षांच्या करारात प्रयोगांच्या टेबलाशी मिळणारा खरा वेळ एवढाच.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत वाचनाआधी एक यादी करा : ज्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत आणि ज्यांना महिने लागतात अशा सगळ्यांची. प्राण्यांवरील प्रयोगांची नैतिक मंजुरी, मानवी नमुन्यांची परवानगी, जैवसुरक्षा समिती, दुसऱ्या लॅबमधून यायचा उंदरांचा वाण, बनवून घ्यायची अँटिबॉडी. भौतिकीत असाल तर सिंक्रोट्रॉनचा किंवा दुर्बिणीचा वेळ. असे अर्ज बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदाच मागवतात, त्यामुळे एक तारीख हुकली की सहा महिने गेले. हे अर्ज आधी टाका आणि त्यांची वाट पाहत असताना वाचा.

त्याच काळात आणखी एक काम करा. लॅबच्या ज्या प्रसिद्ध निष्कर्षावर तुमचं काम उभं राहणार आहे, तो स्वतःच्या हातानं एकदा मिळवून पाहा. याला चार ते सहा आठवडे लागतील. मिळाला तर तंत्र हातात बसलं. मिळाला नाही, तर ते दुसऱ्या महिन्यात कळलं, विसाव्या महिन्यात नाही.

विषय निवडताना दोन घ्या. पहिला असा, की उत्तर ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, पेपर होतोच. दुसरा धाडसाचा, पण त्याला थांबण्याची तारीख आणि थांबण्याची अट आधीच लिहून ठेवा : ‘नवव्या महिन्याअखेर, वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तीन प्रयोगांत, सिग्नल कंट्रोलच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या) दुपटीवर गेला नाही तर थांबायचं.’ ही अट काम सुरू करण्यापूर्वीच लिहायची असते. नंतर मन त्यात गुंतलेलं असतं आणि प्रत्येक फसलेल्या प्रयोगाला एखादं कारण सापडतंच.

वेळापत्रक बहुतेकदा बिघडतं ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या ‘छोट्या मदतीमुळे’. दुसऱ्याच्या पेपरसाठी एक आकृती करून देण्यात काही गैर नाही. फक्त हो म्हणण्याआधी तास मोजा आणि तुमचं नाव कुठे येणार ते विचारा.

राहिला पीआयचा सल्ला. त्याला विरोध करू नका, त्याला मुदत घाला. ‘चार आठवड्यांत दोन पानांचा आराखडा देते, त्यावर बोलू’ असं सांगा. बहुतेक पीआयना हे आवडतं आणि तीच दोन पानं पुढे फेलोशिपच्या अर्जाचं बीज होतात.

प्रश्न : फेलोशिपसाठी नेमका कधी अर्ज करावा? दोन ठिकाणांहून नकार आला आहे. प्रस्ताव चांगला आहे असं सगळे म्हणतात, मग चुकतं कुठे?
— रसायनशास्त्रातील एक पोस्टडॉक

उत्तर : आधी घड्याळ. पीएचडी मिळाल्याच्या तारखेपासून अनेक दारं एकेक करून बंद होत जातात. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेची पोस्टडॉक्टरल फेलोशिप पीएचडीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांसाठी आहे. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या के-९९/आर-०० या योजनेत पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. ही योजना मोलाची आहे, कारण तिचा पहिला टप्पा, जास्तीत जास्त दोन वर्षांचा, मार्गदर्शकाच्या लॅबमध्ये असतो आणि पुढचा, तीन वर्षांपर्यंतचा, तुमच्या स्वतःच्या. युरोपच्या मेरी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला आठ वर्षांची मर्यादा आहे आणि वर गतिशीलतेची अट : अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या छत्तीस महिन्यांत, ज्या देशात जायचं तिथे तुम्ही बारा महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. या अटीवर चांगले अर्ज बाद होतात. आधी तिथे पोस्टडॉक म्हणून रुजू होऊन ‘दीड वर्षानं अर्ज करू’ म्हणणाऱ्याचा हक्क तोवर गेलेला असतो. बाळंतपण, बालसंगोपन, दीर्घ आजारपण यांसाठी बऱ्याच योजना मुदत वाढवून देतात, पण ती मागावी लागते आणि कागदपत्रं जोडावी लागतात. नियम दर वर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची मूळ सूचना वाचा. सहकाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका.

आता प्रस्ताव. ‘सगळे चांगला म्हणतात’ हे सगळे बहुधा तुमच्याच विषयातले असतात. अर्ज वाचणाऱ्यांत दूरच्या शाखेतले लोक असतात आणि त्यांच्यासमोर त्या आठवड्यात बरेच अर्ज असतात. त्यांना पहिल्या पानाच्या अर्ध्यात तीन गोष्टी सापडायला हव्यात : आज काय माहीत नाही, ते माहीत नसल्यामुळे काय अडलं आहे, आणि ते आत्ता शोधणं शक्य का झालं आहे. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. नवं उपकरण, नवा डेटासंच, तुमच्या हातातलं एखादं तंत्र, काहीतरी असं सांगा की हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी का सुटला नसता ते कळेल.

सर्वांत जास्त अर्ज पाडणारी चूक उद्दिष्टांच्या रचनेत असते. उद्दिष्ट एक : रेणू शोधणे. उद्दिष्ट दोन : त्या रेणूचं कार्य शोधणे. उद्दिष्ट तीन : त्या कार्यावर उपचार शोधणे. पहिलंच फसलं तर उरलेल्या दोन वर्षांत काय करणार? समीक्षक हा प्रश्न विचारतोच. उद्दिष्टं एकाच प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी जाणारी हवीत, एकमेकांच्या खांद्यावर उभी असलेली नकोत. जोखमीच्या टप्प्यापाशी ‘हे जमलं नाही तर’ अशी दोन-तीन वाक्यं नेमकी लिहा. ‘इतर पद्धती वापरू’ असं लिहिलं तर समीक्षक त्याचा अर्थ पर्याय नाही असाच घेतो.

गुण कशाला आहेत तेही पाहा. मेरी क्युरीच्या मूल्यमापनात उत्कृष्टतेला पन्नास टक्के, परिणामाला तीस आणि अंमलबजावणीला वीस टक्के भार असतो. बहुतेक जण सगळा जीव विज्ञानाच्या भागात ओततात आणि उरलेले दोन भाग शेवटच्या रात्री भरतात. म्हणजे निम्मे गुण घाईत लिहिलेल्या मजकुरावर सोडलेले असतात. ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅम या जीवशास्त्राला निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना पीएचडीच्या विषयापासून स्पष्ट वळण हवं असतं, त्यामुळे जुनाच धागा पुढे नेणारा अर्ज कितीही नीटस असला तरी तिथे टिकत नाही. एकच प्रस्ताव चार ठिकाणी चिकटवणाऱ्यांना चार नकार येतात ते यामुळे.

वेळ : अंतिम तारखेआधी किमान दहा आठवडे. पहिले चार आराखड्याला, पुढचे तीन लिहायला, मग दोन आठवडे इतरांना वाचायला, आणि शेवटचा यजमान संस्थेच्या सह्या-शिक्क्यांसाठी. वाचणाऱ्यांत एक जण तुमच्या शाखेबाहेरचा हवाच. त्याला ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. कागद बाजूला ठेवून ‘मी काय करणार आहे ते सांग’ असं म्हणा. तो जे चुकीचं सांगेल, तिथे तुमचं वाक्य चुकलं आहे.

शिफारसपत्रासाठी किमान चार आठवडे आधी विचारा आणि सोबत आराखडा, सीव्ही आणि तुम्ही त्यांच्याकडे केलेल्या कामाचे चार-पाच मुद्दे द्या. ‘पत्र द्याल का?’ याऐवजी ‘भक्कम पत्र देता येईल का?’ असं विचारा. उत्तर देताना समोरची व्यक्ती घुटमळली तर दुसरं नाव शोधा.

प्रश्न : पीआयचा स्वभाव चांगला आहे, पण मी सुरू केलेला विषय पुढे माझा राहील की लॅबचा, यावर कधी बोलणंच झालेलं नाही. विचारायला संकोच वाटतो.
— चेताविज्ञानातील एक संशोधक

उत्तर : हा संकोच पोस्टडॉकला फार महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

निवड समिती मुलाखतीत एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात विचारतेच : तुमचे पीआय जे करणार नाहीत असं तुम्ही काय करणार? त्याचं उत्तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी तयार होत नाही. त्यासाठी पीआयशी दोनदा बोलावं लागतं. पहिल्यांदा रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्याच्या आसपास, आणि दुसऱ्यांदा अर्ज सुरू करण्याच्या किमान सहा महिने आधी. जमलं तर पद स्वीकारण्यापूर्वीच विचारलेलं सर्वांत बरं, पण ती वेळ गेली असेल तरी बिघडत नाही.

विचारायचं ते तुकड्या-तुकड्यांनी. ‘विषय माझा का?’ या प्रश्नाला पीआय काहीतरी मोघम म्हणतील आणि तुम्ही त्यातून हवा तो अर्थ काढाल. त्याऐवजी विचारा : या प्रकल्पातला कोणता प्रश्न मी घेऊन जाऊ शकतो? मी गेल्यावर पहिली दोन वर्षं लॅब त्याच प्रश्नावर नवा विद्यार्थी नेमणार आहे का? मी बनवलेले प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे गोल तुकडे), पेशी, वाण, सॉफ्टवेअर यांतलं काय नेता येईल? इथे असताना एखाद्या छोट्या पेपरवर मी पत्रव्यवहाराचा लेखक (कामाबद्दल संपर्क साधायचा मुख्य लेखक) होऊ शकतो का? बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींची मेल : ‘आज आपलं असं ठरलं, माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा.’ यात अविश्वासाचा प्रश्न येत नाही. दोन वर्षांनी दोघांनाही आठवणार नाही म्हणून हे लिहायचं. सरळ माणसांमध्येही भांडणं होतात ती बहुतेक वेगवेगळ्या आठवणींमुळे.

काही गोष्टी पीआयच्या हातातही नसतात. प्रयोगवही आणि मूळ डेटा बहुतेक ठिकाणी संस्थेच्या मालकीचे असतात. तुम्हाला प्रत नेता येते, तीही परवानगीनं. मानवी सहभागींचा डेटा संमतीपत्रात लिहिलेल्या चौकटीबाहेर नेता येत नाही. जैविक साहित्य एका संस्थेतून दुसरीत न्यायला हस्तांतरण करार लागतो आणि दोन्हीकडच्या कायदा विभागांतून तो सुटायला कधी आठवडे, कधी महिने जातात. निघण्याच्या आठवड्यात हा अर्ज करणाऱ्यांची नवी लॅब रिकाम्या फ्रीझरसमोर बसून राहते. पेपर प्रसिद्ध होताना प्लाझ्मिड अ‍ॅडजीनसारख्या ना-नफा संग्रहात जमा केलेले असतील, तर पुढे तुम्हीही इतरांसारखे रीतसर मागवू शकता. संगणकी कामात कोडला मुक्त परवाना लावण्याची संमती वेळेत घ्या. परवाना न लावलेलं कोड सर्वांना दिसत असलं तरी ते वापरण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

आणि पीआयनी ‘हा विषय लॅबचाच राहील’ असं स्पष्ट सांगितलं तर? वाईट वाटेल, पण हे उत्तर मोघम होकारापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. शेजारचा प्रश्न शोधायला अजून वेळ आहे. तुमचं तंत्र तेच ठेवून दुसरी प्रणाली घ्या, किंवा प्रणाली तीच ठेवून पीआयना रस नसलेला थर घ्या. उदाहरणार्थ, लॅब चेतापेशींच्या जोडण्यांवर काम करत असेल तर तुम्ही त्याच भागातल्या आधारपेशींकडे वळा. जमलं की नाही याची कसोटी सोपी आहे : पुढच्या पाच वर्षांची योजना पीआयचं नाव न घेता एका वाक्यात सांगता आली पाहिजे.

प्रश्न : पेपर पाठवायच्या टप्प्यावर आहे आणि आता अचानक दुसऱ्या सहकाऱ्याचं नाव माझ्यासोबत ‘समान पहिला लेखक’ म्हणून घालायचं चाललं आहे. त्यानं दोन आकृत्या केल्या आहेत. काय करू?
— नाव न छापण्याची विनंती

उत्तर : आधी वाद कशाचा आहे ते वेगळं करा. तो लेखक असावा का, हा एक प्रश्न. तो समान पहिला असावा का, हा दुसरा.

पहिल्यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष बऱ्याच शाखांत मानले जातात : संकल्पना, आखणी, डेटा किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यावर मर्मग्राही दुरुस्त्या करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या सचोटीची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हवेत. नुसता निधी आणला किंवा विभागप्रमुख आहेत एवढ्यावर लेखकपद मिळत नाही. दोन आकृत्या करणारा सहकारी मात्र सहज बसतो.

दुसऱ्या प्रश्नाला असा नियम नाही, म्हणून तिथे पुरावा लागतो. क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी आहे : संकल्पना, प्रयोग, औपचारिक विश्लेषण, सॉफ्टवेअर, पहिला मसुदा, देखरेख वगैरे. तिचा तक्ता करा. प्रत्येक आकृतीच्या प्रत्येक भागासमोर कोणी काय केलं ते प्रयोगवहीतल्या तारखांसह लिहा. सहकाऱ्याला आधी दाखवा. पुष्कळदा त्यालाही वाटत असतं की आपलं काम याहून जास्त होतं, आणि कधी कधी ते खरंच असतं. मग दोघं मिळून पीआयकडे जा. तिथे न्याय-अन्यायाची भाषा टाळा, तक्ता पुढे ठेवा. तरी सुटलं नाही तर संस्थेचा लोकपाल किंवा संशोधन-सचोटी कार्यालय. हे सगळं पेपर पाठवण्यापूर्वीच व्हायला हवं. पेपर गेल्यावर लेखकांची यादी बदलायला नियतकालिकं सर्व लेखकांची लेखी संमती मागतात आणि संपादक स्वतः निवाडा करत नाहीत, प्रकरण संस्थेकडे परत पाठवतात.

समान पहिलेपण मान्य करावं लागलं तर नावांचा क्रम आणि सीव्हीमध्ये दोघांनी ते कसं लिहायचं हेही ठरवून टाका. गणितात किंवा उच्च ऊर्जा भौतिकीत नावं अकारविल्हे येतात, तिथे हा प्रश्नच वेगळा होतो आणि शिफारसपत्रातल्या वर्णनाला जास्त वजन येतं.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी स्वच्छ दिसलेला परिणाम आता दिसत नाही. पीआयना अजून सांगितलेलं नाही. झोप लागत नाही.
— कर्करोग जीवशास्त्रातील एक पोस्टडॉक

उत्तर : पीआयना याच आठवड्यात सांगा. ‘परिणाम गेला’ असं सांगायला जाऊ नका. ‘परिणाम परत येत नाही, कारण शोधण्याची माझी योजना अशी आहे’ असं सांगा. हे जितकं लांबेल तितकं सांगणं अवघड होईल आणि मधल्या काळात कोणीतरी त्याच निकालावर दुसरं काम उभारत असेल.

योजना अशी. नवे बदल करणं आधी थांबवा. घाबरून एका वेळी तीन गोष्टी बदलल्या तर काय झालं ते कधीच कळत नाही. जुन्या आणि नव्या प्रयोगांत काय वेगळं होतं त्याची यादी करा : सीरमचा लॉट (एका वेळी बनलेला साठा), अँटिबॉडीचा लॉट, पेशींचा पॅसेज क्रमांक (त्या कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या), इन्क्युबेटर, प्रयोग करणारा हात, सॉफ्टवेअरची आवृत्ती. पेशींची मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूंसाठीची चाचणी करून घ्या. हा संसर्ग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, पण पेशींचं वर्तन बदलतो. एसटीआर प्रोफाइलनं, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या चाचणीनं, पेशी त्याच आहेत का तेही तपासा. मग फ्रीझरमधली त्या काळातली कुपी उघडा आणि जुना लॉट व नवा लॉट एकाच दिवशी, एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी चालवा.

प्लेटचीही रचना पाहा. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये ३६ खाने काठावर असतात आणि तिथे बाष्पीभवन जास्त होतं. सगळे कंट्रोल एका काठाच्या ओळीत असतील, तर तुम्हाला दिसलेला फरक औषधाचा नसून काठाचा असू शकतो. नमुने विखरून ठेवा आणि मोजणी करताना कुठला नमुना कुठला हे सहकाऱ्याकडून सांकेतिक क्रमांक देऊन झाकून घ्या.

आणि मोजा : सुरुवातीच्या निकालात ‘एन’ (स्वतंत्र प्रयोगांचा आकडा) खरंच किती होता? एकाच दिवशी एकाच फ्लास्कमधून भरलेले तीन खाने म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एक प्रयोग आहे. ही गल्लत सर्वत्र होते. शिवाय नमुने कमी असताना फक्त मोठा दिसणारा फरकच सांख्यिकीय उंबरठा ओलांडतो, त्यामुळे छोट्या प्रयोगात सापडलेला परिणाम खऱ्यापेक्षा फुगलेला असण्याचाच संभव जास्त. नीट नमुनासंख्या ठरवून, तीन वेगवेगळ्या आठवड्यांत, झाकून केलेल्या मोजणीतही तो दिसला नाही, तर तो पहिल्यापासून नव्हता असं धरून चाला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पेपर प्रसिद्ध होण्याआधी हे सापडलं, हे तुमच्या कामातल्या काळजीमुळेच.

पुढच्यासाठी : मूळ डेटाची फाइल उघडण्याआधी ‘फक्त वाचन’ अशी करून टाका. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं लिहा, म्हणजे त्या आपोआप कालक्रमानं लागतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. आणि लॉट क्रमांक वहीत रोज.

प्रश्न : पाठवलेल्या पेपरवर समीक्षकांनी सोळा मुद्दे काढले आहेत. सगळे प्रयोग केले तर वर्ष जाईल.
— वनस्पतिशास्त्रातील एक संशोधिका

उत्तर : सगळे करायचे नसतात. दोन दिवस पत्र बाजूला ठेवा, मग प्रत्येक मुद्द्यासमोर लिहा : मजकूर बदलून भागतं, असलेल्या डेटाचं नवं विश्लेषण पुरतं, की नवा प्रयोग लागतो. बहुतेक वेळा नव्या प्रयोगाचे मुद्दे चार-पाचच निघतात. त्यांतला कुठला पेपरच्या मुख्य दाव्याला धक्का देतो ते पाहा. तो करावाच लागेल. बाकीच्यांसाठी संपादकांना छोटी मेल लिहा : ‘आम्ही अ आणि ब करणार आहोत, क ला दहा महिने लागतील आणि त्यानं मुख्य निष्कर्ष बदलत नाही, म्हणून तो दावा सौम्य करतो, हे चालेल का?’ प्रयोग सुरू करण्यापूर्वी असं विचारायचा रिवाज आहे आणि संपादक त्याला बहुधा उत्तर देतात.

उत्तरपत्रात समीक्षकाचं प्रत्येक वाक्य पूर्ण उतरवा, खाली तुमचं उत्तर, खाली बदललेला मजकूर ओळ क्रमांकासह. समीक्षकाला मूळ पेपरमध्ये शोधाशोध करावी लागू नये. तो चुकला असेल तरी ‘आमची मांडणी अस्पष्ट होती’ असं म्हणून वाक्य सुधारा. त्याला जे कळलं नाही ते इतर वाचकांनाही कळलं नसतं. पेपर नाकारला गेलाच तर तसाच दुसरीकडे पाठवू नका. छोट्या क्षेत्रात तोच समीक्षक पुन्हा समोर येतो आणि आपले शेरे दुर्लक्षिलेले पहिल्या पानावरच त्याच्या लक्षात येतात.

या वर्षभरात कोणी पुढे जाईल ही भीती असेल तर प्रीप्रिंट टाका. त्यासाठीची संकेतस्थळं आहेत : भौतिकीत आर्काइव्ह १९९१ पासून, जीवशास्त्रात बायोआर्काइव्ह २०१३ पासून चालू आहे. तारखेचा शिक्का बसतो आणि बऱ्याच फेलोशिपच्या अर्जांत तो मोजलाही जातो. त्याआधी तुमचं नियतकालिक प्रीप्रिंट चालवून घेतं ना, आणि पेटंटचा विषय नाही ना, एवढं पाहून घ्या. पेटंट घ्यायचं असेल तर आधी त्याचा अर्ज, मग प्रीप्रिंट. उलट क्रम झाला तर अनेक देशांत हक्क जातो.

प्रश्न : एच-इंडेक्स किती असला म्हणजे पुरे?

उत्तर : असा आकडा नाही. जॉर्ज हिर्श यांनी हा इंडेक्स २००५ मध्ये मांडला : प्रत्येकी किमान दहा उल्लेख मिळालेले दहा पेपर असतील तर तो दहा. तो वयाबरोबर वाढतो आणि शाखेगणिक बदलतो, त्यामुळे पोस्टडॉकच्या वयात त्यातून फारसं काही कळत नाही. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती उल्लेख मिळतात त्या आकड्यावरून) माणसाचं काम जोखू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यापासून, म्हणजे डोरापासून, अनेक संस्थांनी मान्य केलं आहे. प्रत्यक्षात सगळ्या समित्या तसं वागतातच असं नाही, हेही खरं. सीव्हीमध्ये निवडक तीन पेपर घ्या आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा : काय नवं कळलं, त्यात तुमचा वाटा कोणता. आकड्यापेक्षा या दोन ओळी वाचल्या जातात.

प्रश्न : दुसरी पोस्टडॉक, एकूण पाचवं वर्ष. तीसेक अर्ज झाले. थांबावं का?
— भौतिकशास्त्रातील एक वाचक

उत्तर : अर्जांची एकूण संख्या काही सांगत नाही, ते कुठे अडले ते सांगतं. एकदाही प्राथमिक निवडीत नाव आलं नसेल तर अडचण कागदावर आहे : पेपर, शिफारसपत्रं किंवा संशोधन आराखडा. नुकत्याच निवड समितीवर बसलेल्या दोघांना संपूर्ण संच वाचायला द्या. शिफारसपत्रं तुम्हाला दिसत नाहीत, तेव्हा एक लेखक बदलून पाहा. मुलाखतीपर्यंत पोहोचून चार-पाचदा परत आला असाल तर कागद ठीक आहेत आणि काम व्याख्यानावर व फळ्यावरच्या चर्चेवर करायचं आहे. तिथे लोक हमखास पडतात ते पैशाच्या आणि माणसांच्या प्रश्नांवर : पहिल्या वर्षी कोणतं उपकरण घ्याल, पहिल्या विद्यार्थ्याला काय द्याल, पहिली ग्रँट नाकारली गेली तर काय कराल? यांची उत्तरं आकड्यांसह तयार ठेवा.

थांबण्याची तारीख आत्ताच ठरवा, करार संपायच्या नऊ महिने आधीची. निर्णय तेव्हा घ्या, शेवटच्या पगाराच्या महिन्यात नको. घरच्यांना ती तारीख सांगून ठेवा, कारण या अनिश्चिततेचा भार तेही वाहत असतात. त्याआधीच्या काळात आठवड्याचे दोन तास दुसऱ्या वाटांना द्या. उद्योगातलं संशोधन, डेटा विश्लेषण, उपकरण कंपन्यांतलं तांत्रिक काम, विज्ञान संपादन, पेटंट, संशोधन प्रशासन : प्रत्येक वाटेवरच्या दोन माणसांशी वीस-वीस मिनिटं बोला आणि त्यांचा आठवडा कसा जातो ते विचारा. उद्योगासाठीचा सीव्ही दोन पानांचाच असतो. त्यात पेपरांची यादी शेवटी आणि तुम्ही काय बांधलं, काय चालवलं, किती जणांना शिकवलं हे वर. तो आजच करून ठेवा, अर्ज करायचे असोत वा नसोत.